स्वादुपिंडदाहातील कॅल्शियम वाहिन्या

स्वादुपिंडात पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या पटलावर आणि आतल्या साठ्यांवर असलेली, कॅल्शियम आयनांना वाट देणारी प्रथिने. या वाटा वेळेवर मिटल्या नाहीत तर विकरे पेशीच्या आतच जागी होतात आणि तीव्र स्वादुपिंडदाह (पँक्रियाटायटिस) होतो. स्वादुपिंड स्वतःलाच पचवते ही कल्पना हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडली होती. त्यामागची यंत्रणा उलगडण्यात डॅनिश शरीरक्रियावैज्ञानिक ओले पीटरसन आणि त्यांच्या लिव्हरपूल व नंतर कार्डिफ येथील सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

निरोगी पेशीत कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते. बाहेर त्याच्या दहा हजारपट. जेवणानंतर ॲसिटिलकोलीन व कोलेसिस्टोकायनिन या संदेशवाहक रसायनांच्या इशाऱ्याने अंतर्द्रव्य जालिकेतून, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यातून, थोडे कॅल्शियम सुटते, तेही विकरांचे कण साठलेल्या टोकाला, काही सेकंदांपुरते. या भागाभोवती तंतुकणिकांचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचे, कडे असते. लाट मागे पसरण्याआधीच ते कॅल्शियम शोषून घेते, हे १९९९ मध्ये दिसून आले.

पित्ताम्ले किंवा दारू व मेदाम्ले मिळून बनणारी एस्टरे जालिकेतला साठा पार रिकामा करतात. साठा संपल्याची खूण स्टिम-१ हे प्रथिन देते, ओराय-१ वाहिनी उघडते आणि बाहेरचे कॅल्शियम आत येतच राहते. तंतुकणिका कोलमडतात, एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य घटते. कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप एटीपीवरच चालतात, त्यामुळे तेही थांबतात. ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराचा बोलबाला जास्त असला, तरी पेशी मरण्यात या ऊर्जाटंचाईचा हात मोठा आहे. पित्ताच्या खड्याने नलिका तुंबून दाब वाढला की पिएझो-१ ही दाबसंवेदी वाहिनीही कॅल्शियम आत सोडते.

या वाहिन्यांतला विद्युतप्रवाह मोजण्याच्या प्रयोगासाठी उंदराचे स्वादुपिंड कोलॅजिनेज या ऊती सैल करणाऱ्या विकरात ३७ अंशांवर साधारण १५ मिनिटे ठेवून पेशी सुट्या करतात. वेळ लांबली की पटल खराब होते आणि प्रवाह मोजण्याची काचनळी त्याला चिकटत नाही. फुटलेल्या पेशींमधले ट्रिप्सिन शेजारच्या पेशी खाऊ लागते, म्हणून द्रावात सोयाबीनपासून काढलेला ट्रिप्सिनरोधक घालतात. मग सुमारे १ मायक्रोमीटर तोंडाची काचनळी पेशीला टेकवून हलके शोषतात. नळी व पटल यांच्या जोडावरचा विद्युतरोध १ गिगाओहमच्या वर गेला तरच नोंद भरवशाची. पीटरसन व मारुयामा यांनी १९८२ मध्ये या तंत्राने स्वादुपिंडपेशीतील एकेका वाहिनीचा प्रवाह टिपला. ओराय-१चा प्रवाह मात्र इतका क्षीण, की थॅप्सिगार्गिन या रसायनाने जालिकेतला साठा रिकामा करून अख्ख्या पेशीचाच मोजावा लागतो.

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरचे ॲस्पॅराजिनेज हे औषधही काही रुग्णांत हाच आजार घडवते. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे: हे औषध चालू असताना पोट दुखले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. कार्डिफच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांत दाखवले की गॅलॅक्टोज ही दुधातल्या साखरेतून मिळणारी साखर पेशीला ऊर्जा पुरवून हा आघात सौम्य करते. म्हणून रुग्णाला घरी दूध पाजत राहावे असा अर्थ काढू नये. माणसांत ते सिद्ध झालेले नाही.

ठाणे असो वा वाशी, वरच्या पोटातली कळ ‘पित्त झालंय’ म्हणून मेडिकलमधल्या गोळीवर काढली जाते. कळ पाठीत जात असेल, पुढे वाकल्यावर थोडी कमी होत असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर थेट रुग्णालय गाठावे. ठरावीक प्रकारची वेदना, रक्तातले लायपेज किंवा अमायलेज हे विकर नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट वा अधिक, आणि सोनोग्राफी किंवा सीटीतील बदल, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान होते. गंभीर आजारात रक्तातले कॅल्शियम बहुधा कमी दिसते, कारण अल्ब्युमिन हे कॅल्शियम धरून ठेवणारे रक्तातले प्रथिन घटते आणि काही कॅल्शियम मेद फुटून निघालेल्या मेदाम्लांशी बांधले जाते. रिपोर्टमधला तो आकडा पेशीच्या आतले चित्र सांगत नाही. तिथे ते वाढलेलेच असते.

ओराय-१ रोखणारी रसायने २०१५ मध्ये उंदरांवर तपासली, तेव्हा आजार सुरू झाल्यावर तासाभरात दिलेल्या मात्रेचा गुण सहा तासांनी दिलेल्या मात्रेपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. अशा औषधांच्या रुग्णांवरील चाचण्याही झाल्या आहेत. रुग्णालयात मात्र आजही भर शिरेतून बेताने द्रव देण्यावर, वेदनाशमनावर, सोसेल तसे लवकर खाणे सुरू करण्यावर आणि खडा असल्यास तो काढण्यावर असतो.