छतातले स्पीकर: आवाज डोक्यावर चढला त्याची गोष्ट

सोलापुरातल्या शाळांची सहल विजापूरला जाते आणि गोलघुमटात शिरल्याबरोबर प्रत्येक पोर टाळी वाजवून बघतं. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवरची, १६५६ च्या सुमाराची ही इमारत. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की घुमटाच्या पलीकडे, जवळजवळ ३८ मीटरवर उभ्या असलेल्या मित्राला शब्दन् शब्द कळतो. खाली उभं राहून टाळी वाजवली तर ती वरून पुन्हापुन्हा परत येते. आवाज डोक्यावर आहे एवढं समजतं, पण नेमका कुठे ते बोट दाखवून सांगता येत नाही.

आवाजाच्या या दोन्ही कोड्यांवर लॉर्ड रेली या इंग्रज शास्त्रज्ञाने काम केलं. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्येही असाच कुजबुजीचा सज्जा आहे. तिथे आवाज वळत्या भिंतीच्या कडेकडेने सरपटत जातो, हे त्याने दाखवलं. कानाला दिशा कशी कळते, ते त्याने १९०७ मध्ये मांडलं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी आणि जरा मोठा ऐकू येतो. उजव्या कानाशी पोचायला त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. अडचण येते ती वरच्या आवाजाची. ऐन समोरचा, ऐन डोक्यावरचा आणि ऐन पाठीमागचा, हे तिन्ही आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी ऐकू येतात. तिथे कानाच्या बाहेरच्या भागाच्या घड्या कामाला येतात. दिशेप्रमाणे त्या काही स्वर उचलतात, काही दाबतात. जर्मन संशोधक येन्स ब्लाउअर्ट यांनी १९७० च्या आसपास दाखवून दिलं की ८००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा उठून आला की माणसाला आवाज वरून आल्यासारखा वाटतो. झांजेची किणकिण, पत्र्यावरच्या पावसाची तडतड या पट्ट्यात असते. हे ध्यानात ठेवा, छतातल्या स्पीकरचं सगळं गणित इथेच येऊन टेकतं.

सिनेमाला छताकडे बघायला बराच काळ लागला. बोलपट आले तेव्हा एकच आवाज पडद्यामागून यायचा, आणि नटाच्या तोंडून शब्द आल्यासारखे वाटावेत म्हणून पडद्याला बारीक भोकं पाडलेली असत. नट पडद्याच्या एका टोकाला गेला तरी आवाज मधूनच यायचा. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरला हे खटकलं आणि १९३१ मध्ये त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४० च्या 'फँटेशिया'साठी डिस्नेने अनेक ट्रॅकची खास यंत्रणा बनवली, ती मोजक्याच थिएटरांत बसली. मग रुंद पडद्याच्या पद्धती आल्या: १९५२ ला सिनेरामाचे सात ट्रॅक, पुढच्याच वर्षी सिनेमास्कोपचे चार. आपल्याकडे १९७५ च्या 'शोले'ने ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाज म्हणजे काय ते लोकांना दाखवलं. पण हे सगळे आवाज आडवेच पसरत होते. समोरून, बाजूंनी, मागून. वर कोणी गेलं नव्हतं.

वर गेले ते संगीतकार, आणि मला या सगळ्या इतिहासात तेच सर्वांत धीट वाटतात. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात फिलिप्स कंपनीच्या दालनात एडगार वारेझ यांची रचना शेकडो स्पीकरांतून वाजली. आतल्या वाकड्यातिकड्या भिंतींवर वरपर्यंत स्पीकर लावलेले होते आणि आवाज त्यांच्या वाटांनी माणसांच्या डोक्यावरून फिरत होता. १९७० मध्ये ओसाकाच्या प्रदर्शनात जर्मनीने चक्क गोल सभागृह बांधलं. श्रोते बसले होते आवाज आरपार जाईल अशा जाळीवर आणि स्पीकरांची कडी त्यांच्या भोवती, डोक्यावर आणि पायाखालीही होती. तिथे कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांचं संगीत वाजत होतं. घरात असं काही बसवता येईल, हे तेव्हा कोणाच्या मनातही नसेल.

घरातला सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, १९८० च्या दशकात आला आणि पुढे ५.१ वर, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर यांवर, स्थिरावला. त्याचे कोनही ठरले: समोरचे दोन स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर, बाजूचे ११० च्या आसपास. उंचीचा थर त्यानंतरचा. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २२.२ ची मांडणी केली, त्यात नऊ स्पीकर वरच्या थरात. बेल्जियममध्ये विल्फ्रीड व्हॅन बालेन यांनी ऑरो-थ्रीडी ही उंचीच्या आवाजाची पद्धत काढली. त्यात ऐन डोक्यावरच्या स्पीकरला 'देवाचा आवाज' असं नाव आहे.

खरी उलथापालथ २०१२ ची. डॉल्बी कंपनीचं ॲटमॉस हे आवाजाचं तंत्र आलं आणि 'ब्रेव्ह' हा पहिला सिनेमा त्यात निघाला. तोवर मिक्सिंग करणारा आवाज एखाद्या ठरलेल्या चॅनेलमध्ये टाकायचा. आता तो नुसतं सांगतो, हेलिकॉप्टर इथे आहे, इतक्या उंचीवर आहे. कोणत्या स्पीकरमधून किती सोडायचं, ते तुमच्या खोलीतली यंत्रणा जागेवर ठरवते. थिएटरात स्पीकरांकडे जाणाऱ्या ६४ पर्यंत स्वतंत्र वाटा. २०१४ मध्ये हे घरी आलं, तेव्हा ५.१.२ आणि ७.१.४ असे आकडे रूढ झाले. त्यातला शेवटचा आकडा डोक्यावरच्या स्पीकरांचा.

यंत्रणा जागेवर ठरवते खरी, पण बहुतेक रिसीव्हरना, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रांना, स्पीकर छतात नेमका कुठे आहे ते दिसत नाही. माइक लावून ते अंतर मोजतात, आणि वरचा पुढचा, वरचा मधला, वरचा मागचा असं जे नाव आपण दिलं त्यावर विश्वास ठेवतात. स्पीकर भलतीकडे बसवला तर हिशेब आपणच चुकवला.

जुळे सोलापुरात, होटगी रोडला नवीन घरं होताहेत, तिथे पीओपीचं काम करणारे चारही स्पीकर दिव्यांसारखे चार कोपऱ्यांत घेतात. दिसायला नीटनेटकं दिसतं. मी माझ्या घरात पहिल्यांदा तसंच केलं होतं. पावसाचा प्रसंग लागला तेव्हा पाऊस भिंतींच्या कडेला पडत होता आणि आम्ही बसलो होतो ती जागा कोरडी. स्पीकर सरळ खाली तोंड करून होते आणि कान बाजूला राहिले होते. अशा तिरक्या कोनात सगळ्यांत आधी गळतो तो उंच स्वर, म्हणजे वरची जाण देणारा तोच ८००० हर्ट्झचा पट्टा. सीलिंग फोडून जागा बदलली आणि त्याच रात्री पाऊस सोफ्यावर आला.

हिशेब सोफ्यावरच्या कानापासून धरायचा. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ४ फुटांवर. पीओपी धरून खोली १० फूट उंच असेल तर कानावर ६ फूट राहिले. चार स्पीकरांच्या मांडणीत पुढची जोडी ४५ अंशांवर, म्हणजे कानापुढे ६ फूट, आणि मागची कानामागे ६ फूट. पुढच्या जोडीला ३० ते ५५ अंशांची मुभा आहे, तेव्हा साधारण सव्वाचार ते सव्वादहा फुटांत बीम किंवा एसी चुकवता येतो. डावे-उजवे अंतर टीव्हीशेजारच्या दोन स्पीकरांच्या रेषेत. बाजूचे सराउंड मात्र कानाच्या उंचीवर उतरवायचे. ५.१ च्या काळात ते वर टांगायची सवय लागली, आणि ते वर राहिले की छतातला आवाज वेगळा उरतच नाही.

आपल्या हॉलमध्ये सोफा बहुतेक भिंतीलाच टेकलेला असतो. मागे ६ फूट कुठून आणणार? तिथे चार घेऊ नका. दोनच घ्या, डोक्याच्या किंचित पुढे, आणि वाचलेल्या पैशांत समोरचे स्पीकर चांगले घ्या. त्याच जागेच्या आसपास पंखा लटकतो, आणि मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही. स्पीकर पात्यांच्या वर्तुळाबाहेर ठेवावेत. छतावर आदळून आवाज खाली आणणारे स्पीकरही मिळतात, त्यांना सपाट, टणक छत लागतं. स्लॅबखाली ते चालतात. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या भागातल्या माळवदाच्या घरात, तुळयांच्या खाली, त्यांचा उपयोग नाही. भिंतीवर सोलापुरी चादर टांगल्याने फक्त उंच स्वर थोडे शोषले जातात, घुमणारा खर्ज तसाच राहतो.

परवा एका घराच्या स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी छतातल्या स्पीकरांच्या जागा ठरवायला बोलावणं आलं. खाली टेकूंचं जंगल, सोफा नाही, टीव्ही नाही. वर सेंट्रिंगच्या प्लेटांवर सळया बांधून झालेल्या. घरमालकाला विचारलं, सोफा कोणत्या भिंतीला? त्यांनी बायकोला फोन लावला, दहा मिनिटं बोलणं चाललं, आणि सोफा भिंतीपासून पुढे ओढायचं ठरलं. मग बीमच्या कडेपासून टेप धरून खडूने चार खुणा केल्या. वायरमनने तिथे बॉक्स सळईला तारेने बांधले, पाइप टीव्हीच्या भिंतीकडे नेले आणि काँक्रीट आत जाऊ नये म्हणून बॉक्समध्ये सिमेंटच्या पोत्याचे तुकडे कोंबले.