गियरबॉक्स स्लिप होणे (ऑटोमॅटिक मोटारगाडीतील)

ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनाने दिलेल्या शक्तीचा काही भाग चाकांपर्यंत न पोहोचता गियरबॉक्सच्या आतील क्लच, ब्रेकपट्टे किंवा टॉर्क कन्व्हर्टर यांत घसरून उष्णतेच्या रूपाने वाया जातो, तेव्हा गियरबॉक्स स्लिप होतो असे म्हणतात. अॅक्सिलरेटर दाबताच आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा वर चढतो, इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. गोव्यातील गॅरेजांत ही तक्रार बहुधा ‘गाडी ओढत नाही’ किंवा ‘पिकअप गेला’ अशा शब्दांत येते, आणि केरीहून चोर्ला घाट चढताना किंवा मोलेहून अनमोड घाटाला लागल्यावर ती पहिल्यांदा लक्षात येते, कारण सपाट रस्त्यावर हलक्या भाराने झाकलेली घसर चढावावर उघडी पडते. स्लिप हे लक्षण आहे. त्यामागे तेल लिटरभर कमी असण्यापासून क्लचप्लेटचे अस्तर जळून जाण्यापर्यंत काहीही असू शकते, त्यामुळे गियरबॉक्स खाली उतरवण्याआधी दोष कोणत्या भागात आहे हे ठरवणे याला या कामात सर्वाधिक महत्त्व आहे.

रचना : जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी आणलेला हायड्रामॅटिक हा मोठ्या संख्येने बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गियरबॉक्स होय. त्यात द्रव कपलिंग (तेलामार्फत शक्ती पुढे देणारा जोड) होते. आजच्या रूढ प्रकारात त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाबरोबर फिरणारा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोराने समोरचा टर्बाइन फिरतो आणि दोहोंमधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा बदलून बल वाढवतो. ठरावीक वेगाच्या पुढे लॉकअप क्लच इंजिन आणि टर्बाइन यांना थेट जोडतो. कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखी रचना असलेले गियर असतात (होंडाच्या अनेक जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र समांतर शाफ्ट असतात) आणि कोणता गियर लागणार हे क्लचच्या संचांवरून ठरते. प्रत्येक संचात अस्तराच्या आणि पोलादी चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात. तेलाच्या दाबाने पिस्टन त्यांना एकत्र आवळतो. हा दाब पंप निर्माण करतो, व्हाल्व्ह बॉडी त्याची वाटणी करते आणि सोलेनॉइड (विजेने चालणारे छोटे व्हाल्व्ह) संगणकाच्या आज्ञेनुसार वाटा उघडतात किंवा बंद करतात. दाब कमी पडला की चकत्या पुरेशा आवळल्या जात नाहीत आणि घसरतात. दाब पुरेसा असूनही अस्तर झिजलेले असेल तरीही घसरतात. निदानातील बहुतेक चाचण्या या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठीच असतात.

घसर सुरू झाली की ती आपोआप वाढत जाते. घर्षणाने तेल तापते, तापलेले तेल पातळ होऊन दाब उतरतो, रबरी सील कडक होऊन आतल्या आत गळू लागतात आणि दाब आणखी घटतो. गियरबॉक्सच्या तेलाचे नेहमीचे तापमान ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते १२० च्या पलीकडे वारंवार जाऊ लागले तर तेलाचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणून स्लिप जाणवत असताना ‘सर्व्हिसिंगला महिना आहे, तोवर चालवू’ हा विचार महागात पडतो. पहिल्या आठवड्यात सील आणि तेलावर भागणारे काम पुढे पूर्ण ओव्हरहॉलवर, म्हणजे गियरबॉक्स खोलून नव्याने बांधण्यावर, जाते.

गोव्यातील परिस्थिती : गियरबॉक्सला जपावे लागण्याची कारणे गोव्यात जवळजवळ एकत्रच आढळतात. पर्वरी आणि म्हापसा परिसरातील कोंडीत गाडी थांबत-सरकत चालते आणि गियरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या कुलरवर हवा कमी लागते. तशातच पणजीतील आल्तिनोसारखे चढ आणि दक्षिणेकडचा करमल घाट आहेत. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत गियरबॉक्सपासून रेडिएटरकडे जाणाऱ्या कुलरच्या पोलादी नळ्या गंजतात, विशेषतः रबरी होज जिथे क्लिपने आवळलेला असतो त्या जागी, आणि तिथून तेल इतके सावकाश झिरपते की पार्किंगच्या फरशीवर डाग दिसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यातील धोका वेगळा आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात सखल रस्ते आणि साखळीसारख्या नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली जातात, आणि पाणी गियरबॉक्सच्या वरच्या हवेच्या छिद्रापर्यंत पोहोचले तर ते आत शिरते. पाणी मिसळलेले तेल गुलाबी दुधासारखे दिसते. त्याने अस्तराला धरून ठेवणारा चिकट थर सुटू लागतो. रेडिएटरमधील कुलर आतून फुटल्यासही हेच घडते. अशा गाडीचे इंजिन चालू करून ‘जरा बघणे’ हे नुकसान वाढवण्यासारखेच आहे. ती ओढून गॅरेजपर्यंत न्यावी, आणि तीही पुढची चाके उचलून किंवा सपाट ट्रकवर, कारण इंजिन बंद असताना गियरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि चाके फिरली तर आतील भाग तेलाविना घासले जातात. मागच्या किंवा चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असल्यास सपाट ट्रकच योग्य.

स्लिप वाटणाऱ्या पण स्लिप नसलेल्या गोष्टी : सीव्हीटी (ठरावीक गियरांऐवजी पट्टा व पुली असलेल्या) गियरबॉक्समध्ये जोरात दाबल्यावर आरपीएम आधी चढून स्थिरावतो आणि वेग मागाहून वाढतो, ही त्याची रीतच आहे. जोरात दाबल्यावर खालचा गियर पडणे हाही दोष नव्हे. मिसफायर होणाऱ्या (सिलिंडरमधील इंधन नीट न पेटणाऱ्या) इंजिनाचा धक्का घसरणाऱ्या लॉकअपच्या थरथरीसारखा वाटतो. ही थरथर ओळखण्याची एक सोपी रीत आहे : मोकळ्या रस्त्यावर ६० ते ७० किलोमीटर वेगाने अॅक्सिलरेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेकला हलकेच स्पर्श करावा. त्या क्षणी लॉकअप सुटतो आणि थरथर थांबली तर दोष कन्व्हर्टरच्या लॉकअपमध्ये किंवा तेलात आहे. ती कायम राहिली तर प्लग, इग्निशन कॉइल आणि इंजेक्टर पाहावेत. मारुती सुझुकी सेलेरिओतून २०१४ मध्ये भारतात आलेला एएमटी प्रकार तर मुळात हाताच्या गियरबॉक्सवर बसवलेली यंत्रणा आहे. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो, एकच कोरडी क्लचप्लेट असते. चढावावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवण्याच्या सवयीने ती प्लेट जळते. पर्यटकांना चालवायला दिल्या जाणाऱ्या काळ्या नंबरप्लेटच्या गाड्यांत चालक रोज बदलत असल्याने अशी सवय सुधारून घेणे कठीणच.

तेलाची तपासणी : निदान तेलापासून सुरू होते आणि कित्येकदा तिथेच संपते. डिपस्टिक (तेलाची पातळी मोजण्याची पट्टी) असलेल्या बहुतेक गाड्यांत इंजिन गरम व चालू ठेवून, सर्व गियर एकदा फिरवून, लीव्हर पी (पार्किंग) मध्ये आणून पातळी पाहतात. होंडाच्या बहुतेक गाड्यांत मात्र इंजिन गरम करून बंद केल्यावर लगेच. डिपस्टिक नसलेल्या गियरबॉक्समध्ये खालचा प्लग काढून पातळी ठरवतात, आणि तेव्हा तेलाचे तापमान कंपनीने दिलेल्या मर्यादेत, बऱ्याचदा ३५ ते ४५ अंशांत, असावे लागते. ते न मोजता भरलेले तेल चुकीचेच ठरते. तेल जादा झाले तरी फेस येऊन दाब उतरतो. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवावा. लालसर, पारदर्शक डाग चांगला. तपकिरी डाग म्हणजे जुने तेल. काळपट डाग आणि सोबत जळका वास म्हणजे अस्तर जळलेले आहे.

मग पॅन (गियरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे) उघडावा. पॅनच्या तळाशी चुंबक असतात आणि त्यांवर करड्या रंगाची लोण्यासारखी बारीक पूड जमलेली असते, ती बोटाने चोळल्यास खरखरत नाही आणि ती नेहमीच्या झिजेची असते. तीतच चकाकणाऱ्या कपच्या किंवा टोकदार कण सापडले तर बेअरिंग किंवा गियर झिजत आहेत; पॅनच्या तळाशी काळी, चुंबकाला न चिकटणारी भुकटी असेल तर ती क्लचच्या अस्तराची होय. ही दहा मिनिटांची पाहणी जितके सांगते तितके कोणताही स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे यंत्र) सांगत नाही, आणि पॅन गिऱ्हाइकासमोर उघडणारा मेस्त (मेकॅनिक) विश्वासाला पात्र समजावा.

कोणत्या गियरमध्ये घसरतो : सर्व गियरांत सारखीच घसर असेल तर तेल, फिल्टर, पंप किंवा मुख्य दाब यांकडे पाहावे. एकाच गियरमध्ये असेल तर त्या गियरचा क्लच, त्याचे सील किंवा त्याचा सोलेनॉइड. प्रत्येक मॉडेलच्या दुरुस्तीपुस्तकात कोणता क्लच कोणत्या गियरमध्ये लागतो याचा तक्ता असतो. एखाद्या गियरबॉक्समध्ये तिसरा आणि रिव्हर्स एकाच क्लचवर चालत असतील आणि नेमके तेच दोन घसरत असतील, तर दोष कुठे आहे हे न खोलताच कळते. डी (ड्राइव्ह) मध्ये पहिला गियर घसरतो पण लीव्हर एल (लो) वर नेताच गाडी घट्ट ओढते, असे असल्यास काही रचनांत एकदिशा क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा) निकामी झालेला असतो. थंड असताना घसरणारी आणि गरम झाल्यावर सुधारणारी गाडी बहुधा कडक झालेल्या सीलकडे बोट दाखवते; उलट गरम झाल्यावरच घसरत असेल तर पातळ तेल, झिजलेला पंप किंवा व्हाल्व्ह बॉडीतील गळती.

स्कॅनर आणि मोजमाप : स्कॅनरवर येणारा पी ०७०० हा कोड फक्त गियरबॉक्सच्या संगणकाने तक्रार नोंदवल्याचे सांगतो. पी ०७३० गियरचे गुणोत्तर चुकल्याचे, पी ०७३१ ते पी ०७३५ पहिल्या ते पाचव्या गियरचे आणि पी ०७४१ लॉकअप न लागल्याचे दर्शवतो. कोडपेक्षा चालत्या गाडीतले आकडे अधिक उपयोगी पडतात. एखाद्या गियरचे गुणोत्तर १.०० असेल तर टर्बाइनचा आणि गियरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग समान असायला हवा. टर्बाइन २४०० आणि शाफ्ट २१०० फेरे दाखवत असेल तर क्लच ३०० फेऱ्यांनी घसरत आहे. इंजिन आणि टर्बाइन यांतील फरक मात्र कन्व्हर्टरचा, आणि हे दोन फरक एकमेकांत मिसळल्याने चांगले क्लच बदलले जातात.

स्टॉल चाचणीत ब्रेक पूर्ण दाबून, चाकांना अडथळे लावून डी मध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि स्थिरावलेला आरपीएम कंपनीच्या आकड्याशी ताडतात. तो जादा असेल तर घसर आहे. कमी असेल तर इंजिन दुबळे आहे किंवा स्टेटरचा एकदिशा क्लच निसटत आहे. ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नये आणि दोन चाचण्यांमध्ये एन (न्यूट्रल) मध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्यावे. आधीच घसरणाऱ्या गियरबॉक्सवर ती वारंवार करणे हानिकारक आहे, म्हणून दाबाचे मीटर लावून मोजणे अधिक चांगले. मीटरवर दाब बरोबर असून घसर होत असेल तर अस्तर झिजलेले आहे किंवा त्या क्लचचे सील आतून गळते आहे. दाबच कमी असेल तर पंप, फिल्टर, व्हाल्व्ह बॉडी आणि दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइड या क्रमाने शोधावे.

दुरुस्ती : तेल कमी असल्यास गळती बंद करून योग्य प्रतीचे तेल भरावे. टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे एचसीएफ-२ आणि निसानचे एनएस-३ एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि सीव्हीटीत साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचे तेल) घातल्यास पट्टा व पुली कायमचे खराब होऊ शकतात. पॅन रिकामा केल्यावर बहुधा एकूण तेलापैकी निम्मेही निघत नाही, कारण उरलेले कन्व्हर्टरमध्ये असते. म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोनतीनदा काढून भरणे, हे जुन्या गाडीसाठी यंत्राने जोरात फ्लश करण्यापेक्षा सुरक्षित आहे. तेल बदलल्यावर गियरबॉक्स बिघडला अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते, पण त्या गाड्यांचे अस्तर बहुधा आधीच संपलेले असते आणि तेल बदलून अस्तर परत येत नाही. तेल काळे आणि भुकटीने भरलेले असेल तर मेस्ताने ते गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे.

ओव्हरहॉलमध्ये सर्व सील, अस्तराच्या चकत्या, फिल्टर आणि आवश्यक तेथे पोलादी चकत्या बदलतात. नव्या अस्तराच्या चकत्या बसवण्यापूर्वी किमान अर्धा तास एटीएफमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात, अन्यथा त्या पहिल्याच चढावावर जळतात. जोडणीनंतर आणि व्हाल्व्ह बॉडी बसवण्याआधी प्रत्येक क्लचच्या वाटेत हवेचा दाब देऊन पिस्टन ‘टक्’ असा आवाज करतो का हे ऐकतात. नुसता फुसफुसाट आला तर सील नीट बसलेले नाही. कन्व्हर्टर बदलावा किंवा कापून साफ करावा, आणि कुलर व त्याच्या नळ्या धुवाव्यात, कारण जुनी भुकटी तिथे दडून बसते आणि नव्या गियरबॉक्समध्ये परत येते. एएमटीत क्लचसंच बदलल्यावर स्कॅनरने क्लचची नवी जागा शिकवावी लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांतही संगणकाने जुन्या झिजेनुसार साठवलेले आकडे पुसून नव्याने शिकवणी करतात, त्यानंतर गाडी सपाट रस्त्यावर व चढावावर चालवून, तेल नेहमीच्या तापमानाला आल्यावर पातळी पुन्हा तपासतात आणि पॅनच्या कडा व नळ्यांचे सांधे कोरडे आहेत याची खात्री करून घेतात.