आधी भाकीत, मग ताळा

दांडिया बाजारातल्या आमच्या शिकवणीत बारावीची मुलं ईटरबद्दल, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून (संलयन) ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाबद्दल, हटकून विचारतात. बडोद्याच्याच आयनॉक्स इंडियाने त्या प्रकल्पासाठी अतिथंड वायू नेणारे नळमार्ग बनवले आहेत, म्हणून जिव्हाळा. पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, सगळं कॉम्प्युटरवर करून बघता येतं, तर एवढं यंत्र कशाला?"

मी १९५८ पासून सुरुवात करतो. ब्रिटनच्या झीटा यंत्रातून संलयनाची खूण मानले जाणारे न्यूट्रॉन निघाले, संलयन साधल्याचं जानेवारीत जाहीर झालं आणि काही महिन्यांतच ते मागे घ्यावं लागलं. १९६८ साली रशियनांनी टी-३ टोकामॅकचं, म्हणजे अतितप्त वायू (प्लाझ्मा) चुंबकांनी कोंडून ठेवणाऱ्या कडीसारख्या यंत्राचं, तापमान सांगितलं, तेव्हा साहजिकच शंका आली. पुढच्या वर्षी ब्रिटिश चमू स्वतःचा लेसर घेऊन मॉस्कोला गेला, मोजून पाहिलं. आकडे खरे निघाले. १९८२ मध्ये जर्मनीच्या ॲस्डेक्स टोकामॅकवर प्लाझ्मा अचानक जास्त काळ उष्णता धरू लागला. हे कुठल्याच गणिताने आधी सांगितलं नव्हतं.

आपल्या गुजरातचा वाटाही मोलाचा आहे. गांधीनगरजवळच्या भाट इथे १९८९ पासून चालणाऱ्या आदित्य टोकामॅकवर प्लाझ्माच्या कडेच्या नोंदी घेतल्या गेल्या. तिथली खळबळ एकसारखी नसून मधूनच उसळी मारते, हे त्या गटाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. नुसती सरासरी घेणाऱ्या हिशेबात अशी उसळी विरून जाते.

सगळ्यात बोलका दाखला मात्र अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीचा, जिथे लेसरने इंधनाची गोळी दाबून संलयन घडवतात. २०१२ पर्यंत प्रज्वलन, म्हणजे लेसरने दिलेल्या ऊर्जेहून जास्त ऊर्जा मिळणं, व्हायला हवं, असं सिम्युलेशन सांगत होतं, झालं नाही. इंधनाची गोळी जेमतेम २ मिलिमीटरची. तिला धरून ठेवणारा पापुद्रा केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ. एवढ्याशा पापुद्र्यानेही गोळीचं आकुंचन बिघडत होतं! इंधन भरायच्या बारीक नळीचाही ओरखडा उठत होता. हे दोष प्रयोगांनी दाखवले, मग ते सिम्युलेशनमध्ये घातले गेले. ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. त्या वेळी यशाची शक्यता जास्त, हा अंदाज प्रयोगाआधीच मांडलेला होता. मला त्या ऊर्जेच्या आकड्याइतकंच याचं अप्रूप वाटतं. उत्तर हाती आल्यावर गणित जुळवणं सोपं असतं, ताळा तो नव्हे.

ईटर किती मोठा हवा, हे ठरवतानासुद्धा मुख्य भिस्त अनेक टोकामॅकच्या मोजमापांतून काढलेल्या सूत्रावर होती.