तीन पेन्सची जकात: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतल्या लोकांनी बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला तो महागला म्हणून, असा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात ब्रिटिश संसदेच्या १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्तच होणार होता, आणि खरी मेख तिथेच आहे.

संसदेने वसाहतींतल्या कागदपत्रांवर आणि वर्तमानपत्रांवर बसवलेला १७६५ चा मुद्रांक कर आणि त्यावरचा गदारोळ सर्वांना ठाऊक आहे. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. वसाहतींनी बहिष्कार टाकला, तेव्हा १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठल्या. चहावरची, पौंडामागे तीन पेन्सची, तेवढी ठेवली. हा निर्णय आदल्या वर्षी मंत्रिमंडळात पाच विरुद्ध चार अशा एका मताने झाला होता. सुंभ जळाला तरी पीळ राहिलाच पाहिजे, असा हा हट्ट. संसदेचा कर बसवण्याचा हक्क दाखवायला एक तरी जकात हवी होती. शिवाय त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार भागणार होते, म्हणजे स्थानिक विधिमंडळांच्या हातातली नाडी जाणार होती.

इकडे ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आलेली. बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून गेलेला, लष्करी खर्च वाढता, वर्षाला चार लाख पौंड सरकारला द्यायचे आणि लंडनच्या गोदामांत चिनी चहा पडून. सरकारने तिला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले आणि १७७३ च्या त्या कायद्याने तिच्या निवडक आडत्यांमार्फत थेट अमेरिकेत चहा विकायची मुभाही दिली. इंग्लंडमधली आयात जकात परत मिळणार असल्याने हा माल चोरट्या डच चहाशी टक्कर देऊ शकत होता. आता तरी ते तीन पेन्स सोडा, असे विरोधकांनी सभागृहात सुचवले. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी ऐकले नाही. इतक्या क्षुल्लक रकमेपायी इतके मोठे राज्य क्वचितच कोणी गमावले असेल.

स्वस्त असला तरी हा चहा घेणे म्हणजे संसदेचा कराचा हक्क मान्य करणे, म्हणून वसाहतींनी तो नाकारला. फिलाडेल्फियाहून जहाज माल न उतरवताच परत गेले. चार्ल्सटनला चहा तळघरात पडून राहिला आणि पुढे बंडवाल्यांनीच तो विकून पैसा उभा केला. बॉस्टनला मात्र गव्हर्नर अडून बसला, जकात भरल्याशिवाय जहाजे परत जाऊ देईना. त्याचे दोन मुलगे कंपनीचे आडतेच होते. वीस दिवसांत जकात न भरल्यास माल जप्त होणार होता. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

मग शिक्षा म्हणून संसदेने बंदर बंद केले, बॉस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, १७७५ मध्ये गोळीबार झाला आणि १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. त्याच काळात कंपनी पुणे दरबाराशीही लढत होती. १७७९ च्या जानेवारीत वडगावला तिने हार खाल्ली. १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रे ठेवली, तोच ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला.

नव्या राष्ट्राने आधी केंद्राला कराचा अधिकारच दिला नव्हता. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने शेतकऱ्यांवर कर लादले; १७८६ मध्ये त्यांनी हत्यारे घेऊन न्यायालये बंद पाडली. पुढच्या वर्षी नवी राज्यघटना तयार झाली आणि कराचा अधिकार केंद्राकडे गेला. ४ जुलै १७८९ च्या जकात कायद्यात चहाचाही समावेश होता. १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर आला. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला, तेव्हा १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः फौज घेऊन निघाले.