घरची वारी

घरची वारी : आईवडिलांकडून मुलांकडे आलेली भक्तीची जबाबदारी. ‘आमच्या घरात वारी आहे’ असे सोलापूर भागात कुणी म्हणाले, की घरातले एक माणूस तरी आषाढीला पंढरपूर गाठणार, हे ठरलेले असते. वडील थकले की मुलगा वारी चालवतो. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडते ती बहुधा न कळत्या वयात; मांसाहार व दारू वर्ज्य आणि एकादशी पाळायची, हे नियम तो आईच्या स्वयंपाकघरातच शिकलेला असतो. आधी ओढ आणि मग वारी, असा क्रम अशा घरांत क्वचितच दिसतो. पाय आधी चालू लागतात, ओढ वाटेत लागते.

पंढरपूरच्या मूळ कथेतच आईवडील आहेत. पुंडलिक त्यांच्या सेवेत गुंतलेला म्हणून देवाला विटेवर उभे राहावे लागले. संतांची भाषाही घरचीच: विठ्ठल माउली होतो, पंढरी माहेर होते, ज्ञानेश्वरांच्या अभंगांत ‘बाप रखुमादेवीवरु’ अशी मुद्रा येते. मुलींकडे हा वारसा जात्यावरच्या ओव्यांतून आला. लग्नानंतर त्यांना सासरचे कुलदैवत धरावे लागे, तरी आईच्या ओवीतला विठ्ठल त्या सोबत नेत. वारशाच्या हिशेबात हा भाग सहसा धरला जात नाही. तो धरायला हवा.

सोलापूर शहरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतही हेच दिसते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्यांना गावात ‘काठ्या’ म्हणतात. वेगवेगळ्या काठ्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. पांढरी बाराबंदी घालून काठी पेलण्यासाठी आधी सराव लागतो, आणि तो मुलगा वडिलांच्या बरोबर उभा राहून करतो. लिंगायत घरांत तर तान्ह्या बाळालाच लिंग बांधण्याची रीत आहे. समजून घेतलेली दीक्षा नंतरची.

नवसाने मूल देवाला ‘सोडणे’ हे याच वारशाचे दुखरे टोक. खंडोबाची मुरळी, यल्लम्माची जोगतीण किंवा देवदासी, मरीआईचा पोतराज यांच्या आयुष्याचा निर्णय अनेकदा आईबापांच्या नवसाने होई. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला. अशा मुलांच्या वाट्याला आलेल्या जिण्याला केवळ श्रद्धा म्हणून मोकळे होता येत नाही.

आईवडिलांनी आखलेली वाट नाकारूनही भक्ती उभी राहते. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने गणिका आईचा व्यवसाय स्वीकारला नाही. ती पंढरीला गेली आणि विठ्ठलाच्या पायांशीच तिचा अंत झाला, अशी परंपरा सांगते.

त्याच मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याचे अख्खे घर अभंग रचणारे होते: पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. सोयराबाईच्या बाळंतपणाला विठ्ठल नणंदेच्या रूपाने आला, अशी आख्यायिका आहे. म्हणजे कर्ममेळ्याच्या जन्माची गोष्टच देवाच्या उपकाराची. पण महार म्हणून या घराला देवळाच्या आत जाता येत नव्हते. चोखोबांनी देवाकडे गाऱ्हाणे केले, तरी काही अभंगांत त्यांनी आपल्या हीनत्वाचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधले. मुलाने तसे केले नाही. आम्हाला हीन जातीत घातलेस, उष्टे खाण्यात जन्म गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही, असे तो श्रीपतीलाच विचारतो. बापाने दिलेला देव त्याने सोडला नाही. बापाने स्वतःला दिलेले उत्तर मात्र घेतले नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीजवळ, महाद्वारासमोर, म्हणजे मंदिराबाहेर आहे. आतला प्रवेश दलितांना मिळाला तो १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.