ड्राइव्ह गायब होणं

ड्राइव्ह गायब होणं : कम्प्युटरमधला एखादा भाग बदलल्यावर सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह दिसेनासा होणं, आणि तो परत दिसायला लावायची खटपट. सोलापुरात नवी पेठेत काउंटरवर ‘ड्राइव्ह दाखवंना झालाय’ म्हणून जी तक्रार सांगतात ती हीच. इथं मुख्यतः जुन्या पट्टा केबलचा (आयडीई, म्हणजे ड्राइव्ह मदरबोर्डाला जोडायची जुनी पद्धत) आणि थोडा साटाचा (तिच्यानंतरची पद्धत) विचार केलाय, मदरबोर्डाला पुढं नुसतं बोर्ड म्हटलंय. सीडी कशी घालायची, कॅबिनेट कसं उघडायचं हे सगळ्यांना येतं असं धरलंय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, अशा वेळी ड्राइव्ह स्वतः मेलेला क्वचितच निघतो, शेवटचा हात जिथं लागला तिथंच बहुतेकदा घोळ असतो.

उगम : आयडीई नेमकं कुणाचं यावर एकमत नाही. नाव वेस्टर्न डिजिटल या कंपनीनं रूढ केलं म्हणून बरेच जण श्रेय त्यांना देतात. दुसरी बाजू म्हणते की गरज कॉम्पॅक कंपनीची होती, ड्राइव्ह कंट्रोल डेटा कंपनीचा, आणि वेस्टर्न डिजिटलकडून आला तो फक्त कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारं सर्किट). काळ साधारण १९८६ धरतात. तिघांनी मिळून केलं हे मत जास्त पटतं, कारण मूळ कल्पनाच जोडाजोडीची होती, कंट्रोलर वेगळ्या कार्डावरून उचलून ड्राइव्हच्या पाठीवर बसवायचा. प्रमाण (सगळ्या कंपन्यांसाठीचा लेखी नियम) मात्र बरंच उशिरा, १९९४ ला आलं, आणि त्यात नाव आयडीई नाहीच, एटीए आहे. यातलं एटी आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीवरून घेतलेलं. ‘ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’ असा त्याचा विस्तार सर्रास सांगतात पण प्रमाणात तो दिलेला नाही. शिवाय हे सगळं हार्ड डिस्कसाठी होतं, सीडी ड्राइव्ह त्यात बसतच नव्हता, ट्रे बाहेर काढ, डिस्क बदलली का बघ असले हुकूमच त्यात नव्हते, मग स्कझी या दुसऱ्या जोडणी पद्धतीचे हुकूम पाकिटात घालून त्याच केबलवरून पाठवायची युक्ती निघाली, तिला एटॅपी म्हणतात, आणि ती मुख्य प्रमाणात आली १९९८ च्या चौथ्या आवृत्तीत. म्हणजे त्या केबलवर सीडी ड्राइव्ह पाहुणा आणि हार्ड डिस्क घरची, आणि पुढची बरीच भांडणं तिथलीच आहेत.

मास्टर-स्लेव्ह : एका पट्टा केबलवर दोन ड्राइव्ह बसतात, एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. नावावरून वाटतं तसा मास्टर स्लेव्हवर काही हुकूम गाजवत नाही, दोघांचे कंट्रोलर आपापले. प्रमाणात त्यांना नुसतं डिव्हाइस ० आणि डिव्हाइस १ म्हटलंय. बोर्डाकडून येणारा प्रत्येक हुकूम दोघांच्याही कानावर पडतो, कुणी उचलायचा ते एका बिटवर ठरतं. दोन्ही ड्राइव्हचे जम्पर (कोण मास्टर, कोण स्लेव्ह ते ठरवायला पाठीमागच्या पिनांवर बसवायची टोपी) मास्टरवर राहिले की गड्ड्याच्या जत्रेत एका नावानं हाक मारल्यावर दोन माणसं वळावीत तसं होतं, दोघं एकदम उत्तर देतात आणि बायोसला (मशीन चालू होताना चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) धड कुणाचंच कळत नाही, कधी एक दिसतो, कधी दोन्ही जातात. दुसरी हार्ड डिस्क घातल्यावर सीडी गेली तर पहिला संशय इथंच घ्यावा. उलटही होतं, हार्ड डिस्क काढली आणि उरलेली दिसेना. वेस्टर्न डिजिटलच्या कित्येक डिस्कवर ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसोबत मास्टर’ अशा दोन वेगळ्या जागा असतात, जोडीदार गेल्यावर जम्पर हलवला नाही तर ती न आलेल्या स्लेव्हची वाट बघत बसते. जम्पर साबुदाण्याएवढा, टेबलावरून पडला की गेलाच, जुन्या मेलेल्या ड्राइव्हचे काढून डबीत ठेवावेत.

जम्परची तिसरी जागा केबल सिलेक्टची. यात डिव्हाइस ० कोण हे केबल ठरवते, २८ नंबरची तार एका टोकाला जमिनीला (ग्राउंडला) लागलेली आणि दुसरीकडं तुटलेली असते. ८० तारांच्या केबलमध्ये निळं टोक बोर्डाला, काळं शेवटचं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. जुन्या ४० तारांच्या केबल सिलेक्टमध्ये मात्र मधलं मास्टर असायचं, त्यामुळं बोर्डासोबत नुसती केबल बदलली तरी दोघांची अदलाबदल होते आणि जम्पर कुणी शिवलेलाच नसतो. लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको, मोठ्या कॅबिनेटात वरच्या खणात बसलेल्या सीडी रायटरला केबल पोचावी म्हणून लांब केबल आणतात ती नेमकी नडते.

तपासणी : ट्रे बाहेर येतो म्हणजे ड्राइव्ह ठीक आहे ही समजूत चुकीची. ट्रेला फक्त वीज लागते, पिवळ्या तारेतून १२ व्होल्ट आणि लालमधून ५, डेटा केबल काढून टाकली तरी तो येतो-जातो. ट्रे हलतो पण बायोसमध्ये नाव नाही, तर केबल, जम्पर नाहीतर बायोसमध्ये तो चॅनलच (त्या केबलची जोडणी) बंद. बायोसमध्ये आहे पण विंडोजमध्ये नाही, तर हार्डवेअरला हात लावू नये. तिथं डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ३९ किंवा १९ दिसला तर सीडी बर्न करायच्या सॉफ्टवेअरनं मागं ठेवलेल्या अपरफिल्टर्स, लोअरफिल्टर्स या नोंदी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगांची वही) काढायच्या. (माझ्या घरच्या मशीनला एका दुकानात याच दोषासाठी ‘फॉरमॅट मारावा लागंल’ सांगितलं होतं, काम दोन मिनिटांचं निघालं.) ड्राइव्ह दिसतो पण पिक्चर अडकत चालतो अशी गत एक्सपीवर झाली तर सैल केबलमुळं सहा चुका मोजून विंडोजनं डीएमए (डेटा नेायची जलद पद्धत) सोडून पीआयओ (संथ पद्धत) धरलेला असतो, केबल नीट करूनही डीएमए आपोआप परत येत नाही, तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन चालू-बंद करावं लागतं.

विंडोज ९८ मध्ये वेगळीच गंमत. त्यात आधी सगळ्या डिस्कांच्या प्रायमरी पार्टिशनना (डिस्कचे पाडलेले मुख्य भाग) सी, डी अशी अक्षरं मिळतात, मग लॉजिकलना, सीडी शेवटी. म्हणून मित्राची डिस्क गाणी घ्यायला जोडली की आपला डी ई होतो, सीडी पुढं सरकते, आणि गेम जुन्या अक्षरावर सीडी शोधत बसतो. ड्राइव्ह गायब नाहीच, फक्त त्याचा पत्ता बदललेला.

साटा : २००३ पासून. एका ड्राइव्हला एक केबल, जम्परची भानगड संपली. राहिला तो बायोसमधला आयडीई की एएचसीआय (ड्राइव्हशी बोलायच्या दोन रीती) हा प्रश्न, बोर्ड बदलल्यावर तो पालटला तर एक्सपी निळ्या पडद्यावर ७बी (सुरू व्हायची डिस्क वाचता येत नाही असा एरर) देऊन थांबतं. लॅपटॉपात डीव्हीडी काढून कॅडीत (तिच्या खणात बसणारी चौकट) जुनी हार्ड डिस्क घालतात, कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीची मिळते, मोजून घ्यावी. एसएसडी मूळ खणात आणि जुनी डिस्क कॅडीत हेच बरं.

सोलापुरातलं : अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस असलं की कॅबिनेटात सुताची तूस लई साठते, बोर्ड बदलताना ती उडून लेन्सवर बसते आणि बदलाचं खापर बोर्डावर फुटतं. डीव्हीडी चालते पण सीडी नाही असं झालं तर आधी लेन्स साफ करून बघावी, पण दोन्हींचे लेझर वेगळे असतात (सीडी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडी ६५०), त्यातला एकच गेलेला असू शकतो आणि मग साफसफाईचा उपयोग नाही. चादरीच्या नक्षीचं जॅकार्ड कार्ड ज्यानं बघितलंय त्याला सीडीवरचे खड्डे लगेच कळतात, फक्त कार्डात भोक आहे की नाही एवढंच बघतात, सीडीत खड्डा किंवा सपाटी म्हणजे ० आणि खड्ड्याची कड म्हणजे १.

काढलेल्या ड्राइव्हमध्ये डिस्क अडकली असेल तर समोरच्या बारीक भोकात कागदाची क्लिप सरळ करून घालावी, आधी वीज काढून, ट्रे थोडा बाहेर येतो, पुढं हातानं ओढायचा.