वाचा गेली तरी गाणं आणि शिवी कशी शाबूत राहते?

स्ट्रोकनंतर पेशंटला साधं पाणी मागता येत नाही, पण एक ते दहा आकडे धडाधड म्हणतो, पाठ असलेली प्रार्थना म्हणतो, आणि चिडला की शिवी तर एकदम खणखणीत. घरच्यांना वाटतं सोंग करतोय की काय. सोंग नसतं ते, आणि नवीनही नाही, 1745 मध्ये स्वीडनच्या ओलोफ दालिन यांनी असाच एक माणूस नोंदवून ठेवलाय, उजवी बाजू लुळी, 'हो' सोडून एक शब्द नाही, पण कुणी सोबत सुरुवात करून दिली की चर्चमधली गाणी शब्दांसकट स्पष्ट म्हणायचा.

पुढे 1861 ला पॅरिसमध्ये डॉक्टर ब्रोका यांचा तो प्रसिद्ध पेशंट, लेबोर्न. काहीही विचारा, उत्तर 'तां तां'. (त्याचा आजार हळूहळू वाढलेला, अचानक आलेला स्ट्रोक नव्हे, हे बरेचदा सांगायचं राहतं.) तो गेल्यावर मेंदू तपासला, डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड सापडला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं. पण हाच लेबोर्न भडकला की देवाच्या नावाने सणसणीत शिवी हासडायचा, तेही ब्रोकांनी लिहिलंय! मला तर हे जास्त इंटरेस्टिंग वाटतं. 1866 च्या झटक्यानंतर फ्रेंच कवी बोदलेअरचंही तेच झालं, उरली ती जवळपास तीच शिवी, तुटक स्वरूपात.

उरलेल्या बोलण्याकडे सिरियसली बघितलं ते लंडनचे मेंदूचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी. त्यांचं म्हणणं असं की मनातलं सांगायला नवीन वाक्य जुळवणं वेगळं आणि सवयीने आपोआप तोंडातून निघणं वेगळं, पहिलं डाव्या मेंदूवर फार अवलंबून, दुसऱ्याला उजवा मेंदूही पुरतो. म्हणजे शिवी आली म्हणून तो माणूस हवं ते बोलू शकतो असं अजिबात नाही.

याच धाग्यावरून 1973 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी सुरांची थेरपी मांडली, रोजची छोटी वाक्यं चालीवर म्हणायची, सोबत डाव्या हाताने ठेका, मग हळूहळू चाल काढून टाकायची. ही शेवटची पायरीच खरी अवघड. सूर काम करतो की नुसता ठेका यावर वाद चालूच आहे, 2011 च्या एका जर्मन अभ्यासात ठेका आणि पाठ असलेले शब्द यांचंच पारडं जड निघालं.